तीनदा हरलेला माणूस

अमेरिकेत आज जे चालले आहे ते पाहून आपल्याकडची कितीतरी घरे बुचकळ्यात पडतात. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणाची भाची शिकायला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातली माणसे इतकी चिडलेली का, हा प्रश्न मग जेवणाच्या ताटावर निघतो. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ तरुणांनी ठाण मांडले. २०१६ मध्ये मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प या राजकारणाबाहेरच्या धनिकाला अध्यक्ष केले. ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसद भवनात घुसला आणि २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले. हे सारे आजचे वाटते. पण सामान्य माणसाची ही चीड अमेरिकेला नवी नाही. सुमारे एकशेतीस वर्षांपूर्वी तिला एक खणखणीत आवाज मिळाला होता. तो आवाज विल्यम जेनिंग्ज ब्रायन याचा.

ब्रायनचा जन्म १९ मार्च १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सेलम या लहान गावातला. वडील न्यायाधीश, घर धार्मिक. मुलगा वकील झाला. पत्नी मेरी हीही जिद्दीची. लग्नानंतर तिने कायद्याचा अभ्यास करून वकिलीची सनद मिळवली. १८८७ मध्ये हे कुटुंब नेब्रास्कातल्या लिंकन शहरी आले. तीनच वर्षांनी, तिशीतच, ब्रायन काँग्रेसवर निवडून गेला. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा गळा त्याला लाभला होता.

त्या गळ्याला विषयही तसाच मिळाला. पश्चिमेकडचा आणि दक्षिणेकडचा शेतकरी कर्जाने पिचला होता. माल बाजारात न्यायचा तर रेल्वे मागेल ते भाडे द्यावे लागे. धान्याची कोठारे दुसऱ्याची, बँका पूर्वेकडच्या शहरांतल्या. मक्याचा भाव इतका उतरला की काही ठिकाणी हिवाळ्यात लोकांनी कोळशाऐवजी मकाच चुलीत घातला. भाव उतरण्याचे एक मोठे कारण चलनात होते. १८७३ च्या कायद्याने चांदीचे डॉलर मुक्तपणे पाडणे थांबले होते. सोने थोडे आणि व्यवहार वाढलेले, त्यामुळे पैसा महाग झाला आणि माल स्वस्त. गव्हाला डॉलरभर भाव असताना घेतलेले कर्ज भाव निम्म्यावर आल्यावर फेडायचे, म्हणजे जवळजवळ दुप्पट पोती घालायची. सावकाराने व्याज वाढवले नाही तरी कर्ज वाढतच जाते, हे शेतकऱ्याला अर्थशास्त्र न शिकता कळत होते.

या चांदीच्या गोष्टीत आपला देशही आहे. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने चांदी आणून देणाऱ्याला रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी बंद केल्या. चांदीचा भाव आणखी गडगडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध लिहिला आणि जो १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, त्यात या टांकसाळबंदीची कसून चिकित्सा आहे. अमेरिकेत तर त्या वर्षी मंदीनेच कहर केला होता. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोर झाल्या, लाखोंच्या हातचे काम गेले. १८९४ मध्ये जेकब कॉक्सी नावाच्या गृहस्थाने बेकारांचा मोर्चा ओहायोहून पायी वॉशिंग्टनला नेला. सरकारने रस्त्यांची कामे काढून लोकांना रोजगार द्यावा, एवढीच मागणी. कॉक्सीला अटक झाली ती संसदेच्या आवारातले गवत तुडवल्याबद्दल! त्याच वर्षी पुलमन कारखान्याच्या मजुरांचा संप मोडायला अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी लष्कर धाडले. ट्रम्प यांच्याआधी, मध्ये खंड पडून दुसऱ्यांदा अध्यक्ष झालेले एकमेव गृहस्थ ते हेच. क्लीव्हलँड डेमोक्रॅट, म्हणजे ब्रायनच्याच पक्षाचे.

९ जुलै १८९६. शिकागोत त्या पक्षाचे अधिवेशन भरले होते. ब्रायन व्यासपीठावर आला तेव्हा फारसा कुणाच्या गणतीत नव्हता. शेत जगले तर शहर जगेल, हे त्याने असे काही मांडले की सभा उभी राहिली. शेवटी सोन्याच्या हट्टाला त्याने क्रुसाची उपमा दिली आणि स्वतःचे दोन्ही हात फैलावून तो क्षणभर तसाच उभा राहिला. आधी सन्नाटा, मग नुसता जल्लोष. दुसऱ्या दिवशी तो अध्यक्षपदाचा उमेदवार झाला. वय ३६. घटनेने किमान ३५ लागते!

समोर रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ली. त्यांच्या प्रचाराची सूत्रे उद्योगपती मार्क हॅना यांच्या हाती. हॅना यांनी बँका आणि कंपन्यांकडून ३५ लाख डॉलरच्या आसपास निधी उभा केला. ब्रायनकडे त्याच्या लहानशा हिश्शाइतकेही जेमतेम होते. मॅकिन्ली घरच्या ओसरीवर बसून गाडीगाडीने येणाऱ्या पाहुण्यांशी बोलत. ब्रायन मात्र आगगाडीने सुमारे १८,००० मैल फिरला आणि ६०० च्या आसपास भाषणे केली. त्याला ६५ लाख मते पडली, मॅकिन्लींना ७१ लाख. गिरणीतला मजूर त्याच्यामागे आला नाही. चांदीने धान्य महागेल, पण आपला पगार वाढेल का, ही त्याची शंका अगदीच खोटी नव्हती. शेतकऱ्याचे आणि कामगाराचे दुःख एक असले तरी औषध एक नसते, ही गाठ ब्रायनला सुटली नाही.

१९०० मध्ये तो पुन्हा मॅकिन्लींशी हरला, १९०८ मध्ये टाफ्ट यांच्याशी. दरम्यान दक्षिण आफ्रिकेच्या आणि अलास्काजवळच्या खाणींतून सोने इतके निघाले की पैसा आपोआप सैल झाला आणि शेतमालाचे भाव चढले. ब्रायनचे निदान बरोबर ठरले; मत मात्र मिळाले नाही.

या काळात त्याने जगप्रवास केला, हिंदुस्थानही पाहिला. १९०६ मध्ये इंग्रजी राज्याने या देशाचे काय केले यावर त्याने जळजळीत लेख लिहिला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गदर पक्षाने त्याची पत्रके छापून वाटली. फिलिपाइन्स ताब्यात घेणाऱ्या आपल्या सरकारलाही त्याने असेच सुनावले होते.

१९१३ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी त्याला परराष्ट्रमंत्री केले. युद्ध टळावे म्हणून त्याने तीस देशांशी लवादाचे करार केले. लुसिटानिया बोट बुडाल्यावर जर्मनीला गेलेला खलिता युद्धाकडे नेणारा आहे असे वाटताच जून १९१५ मध्ये त्याने राजीनामा दिला. तत्त्वासाठी एवढे पद सोडणारे थोडेच. प्राप्तिकर, सेनेटची थेट निवडणूक, स्त्रियांना मताधिकार: ज्यांसाठी तो झटला त्या गोष्टी १९२० पर्यंत घटनेत आल्या.

पण चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ब्रायनच्या सामान्य माणसात काळा माणूस बसत नव्हता. दक्षिणेत त्याचा मताधिकार हिरावला जात असताना ब्रायन गप्प राहिला, कारण पक्षाची मते तिथली होती. १९२४ च्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करण्यालाही त्याने विरोध केला. दुसऱ्या वर्षी टेनेसीत डार्विनचा सिद्धांत शिकवणाऱ्या शिक्षकावरच्या खटल्यात तो सरकारपक्षातर्फे उभा राहिला. आरोपीचे वकील क्लॅरन्स डॅरो; १८९६ मध्ये ब्रायनच्या बाजूने असलेले. त्यांनी भर उन्हात उलटतपासणी घेऊन त्याला पुरते निरुत्तर केले. खटला तो जिंकला, पण हसे झाले. पाच दिवसांनी, २६ जुलै १९२५ रोजी, दुपारच्या झोपेतच तो गेला.

आज गंमत अशी की नेब्रास्का, कॅन्सससारखी ब्रायनची शेतकरी राज्ये रिपब्लिकनांच्या मागे उभी आहेत. ट्रम्प गौरव करतात तो मॅकिन्लींचा आणि त्यांच्या आयातकराचा. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी अलास्कातल्या सर्वोच्च शिखराला मॅकिन्लींचे नाव पुन्हा देण्याचा आदेश काढला. झेंडे बदलले, तक्रार तीच राहिली: दूरच्या शहरातले कोणी आपले भवितव्य ठरवतात आणि आपल्याला कोणी विचारत नाही. ही तक्रार ऐकली पाहिजे, आणि ती मांडणारा कोणाला वगळतो आहे हेही तितकेच पाहिले पाहिजे. ब्रायनच्या आयुष्यात दोन्ही धडे आहेत.

आणखी एक तिसरा आहे. १८९६ मध्ये पैशाने आणि धमक्यांनी आपल्याला हरवले असे त्याच्या लाखो चाहत्यांना मनापासून वाटत होते. निकाल स्पष्ट होताच ब्रायनने मॅकिन्लींना अभिनंदनाची तार केली. पराभूत उमेदवाराने अशी तार करण्याची अमेरिकेतली प्रथा तिथून सुरू झाली. तीनदा हरलेल्या माणसाने आपल्या देशाला हरायचे कसे, तेही शिकवले होते.