टिपू सुलतान

मुलांनो, म्हैसूरचा वाघ कोणाला म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? तो टिपू सुलतान. त्याचा जन्म देवनहळ्ळी येथे झाला. त्याचे वडील हैदर अली पराक्रमाच्या बळावर म्हैसूरचे सत्ताधीश झाले होते.

व्यापारासाठी आलेली ईस्ट इंडिया कंपनी त्या काळी फौजा बाळगून एकेक प्रदेश घेत होती. १७८० मध्ये पोल्लिलूर येथे टिपूने व हैदर अलींनी तिच्या फौजेचा मोठा पराभव केला. म्हैसूरच्या सैन्याजवळ लोखंडी नळीचे अग्निबाण होते. १७८२ मध्ये वडील वारले, तरी टिपू लढत राहिला. १७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला.

पण कंपनी स्वस्थ बसली नाही. टिपूचे शेजाऱ्यांशी वैर होते. कंपनीने मराठे व निजाम यांना आपल्या बाजूला घेतले. टिपू एकटा पडला. १७९२ च्या तहात त्याचे अर्धे राज्य गेले. ३ कोटी ३० लाख रुपये देण्याचे ठरले. त्यासाठी त्याचे दोन लहान मुलगे ओलीस ठेवण्यात आले. मुलांना निरोप देताना त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करा! १७९४ मध्ये मुले परत आली.

१७९९ मध्ये कंपनीने श्रीरंगपट्टणला वेढा घातला. निजामाची फौजही बरोबर होती. ४ मे रोजी शत्रू तटाच्या खिंडारातून आत शिरला. टिपू शरण गेला नाही. लढता लढता तो धारातीर्थी पडला.

चारच वर्षांनी कंपनीची मराठ्यांशी लढाई जुंपली. १८१८ मध्ये पेशवाईही बुडाली. हे शेजारी एक झाले असते तर? मुलांनो, तुम्हीच विचार करा.