समुद्राला भिणारा संगीतकार

स्पेनचा पियानोवादक, संगीतकार एन्रिके ग्रानादोस समुद्राला फार भीत असे. तरीही ‘गोयेस्कास’ या आपल्या ऑपेरासाठी तो पत्नी आंपारोसह न्यूयॉर्कला गेला. जानेवारी १९१६मध्ये प्रयोग झाला. मला चुटपुट लागते ती पुढची. अध्यक्ष विल्सन यांच्याकडून वादनाचे बोलावणे आले आणि स्पेनची थेट बोट हुकली! मग इंग्लंडमार्गे परतताना ‘ससेक्स’ ही फ्रेंच प्रवासी बोट धरली. स्पेन तटस्थ, पण पाणतीर पासपोर्ट थोडाच बघतो? २४ मार्चला जर्मन पाणबुडीने बोट फोडली. बुडणाऱ्या आंपारोसाठी त्याने उडी घेतली, असे बचावलेले सांगत. दोघेही गेली. फुटकी ‘ससेक्स’ मात्र ओढत बंदरात आणली. जर्मनीने संयमाचे वचन दिले, ते फेब्रुवारी १९१७मध्ये मोडले. तटस्थांची मालवाहू जहाजेही पाणबुड्यांची शिकार झाली. ग्रानादोसमागे सहा मुले उरली.