किंचाळणाऱ्या ब्रेकचा जनक : फ्रेडरिक लँचेस्टर

नागपूर, प्रतिनिधी

सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात सिग्नल लाल झाला की थांबणाऱ्या मोटारींच्या रांगेतून एखादी कर्कश शीळ हमखास ऐकू येते. पुष्कळदा ती खटारा गाडीची नसते. उलट, कंपनीचे मूळ ब्रेक पॅड काढून हौसेने महागडे 'परफॉर्मन्स' पॅड बसवून घेतलेल्या गाडीची असते. अधिक पैसे मोजून अधिक चांगले ब्रेक घ्यावेत आणि पदरी चौकाचौकांत सर्वांच्या नजरा वळविणारा आवाज पडावा, या अनुभवाने अनेक वाहनधारक हैराण होतात. ही तक्रार नव्या जमान्याची वाटत असली, तरी ती डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. ज्या माणसाने मोटारीसाठी पहिला डिस्क ब्रेक घडविला, त्याचाही ब्रेक असाच किंचाळत होता. त्या माणसाचे नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर.

मोटार, विमान आणि युद्धशास्त्र अशा तीन क्षेत्रांवर ठसा उमटविणारा हा ब्रिटिश अभियंता अभियांत्रिकीच्या इतिहासात आदराने ओळखला जातो. तथापि, हयातीत त्याच्या वाट्याला मानपत्रे पुष्कळ आली आणि पैसा फारसा आला नाही.

पेटंट कार्यालयातील तरुण

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधील लुईशॅम येथे झाला. वडील वास्तुविशारद होते, तर आई लॅटिन आणि गणित शिकवीत असे. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथे. साउदॅम्प्टनच्या हार्टली संस्थेत शिक्षण घेतल्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या केन्सिंग्टनमधील विज्ञान विद्यालयात दाखल झाले. मात्र, कोणतीही पदवी न घेताच त्यांनी ते सोडले. त्यानंतर काही काळ ते पेटंट कार्यालयात आरेखक होते. पुढे ज्याच्या नावावर चारशेहून अधिक पेटंटे लागली, त्या संशोधकाची उमेदवारी अशा ठिकाणी व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

पुढे त्यांनी बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातील एका गॅस इंजिन कारखान्यात नोकरी धरली. कर्मचाऱ्याने लावलेले शोध कंपनीच्या मालकीचे राहतील, असे एक कलम नियुक्तीच्या करारात होते. विशीतल्या लँचेस्टर यांनी ते खोडले आणि मगच सही केली. लवकरच इंजिनाचा वेग नियंत्रित करणारे एक साधन त्यांनी शोधले. ते बसविलेल्या प्रत्येक इंजिनामागे त्यांना स्वामित्वधन मिळू लागले. आपल्या बुद्धीचे मोल आपणच ठरवावे, ही जाणीव त्यांच्या ठायी सुरुवातीपासून होती. व्यवहाराने मात्र त्यांना पुढे वारंवार हुलकावणी दिली.

संपूर्ण ब्रिटिश मोटार

त्या काळी मोटार म्हणजे घोडा काढून इंजिन जोडलेली बग्गी, अशीच सर्वांची समजूत होती. जर्मनी आणि फ्रान्समध्ये बनलेल्या गाड्यांची नक्कल करण्याकडे कल होता. लँचेस्टर यांनी ही वाट नाकारली आणि प्रत्येक भागाचा मुळातून विचार केला. १८९५ मध्ये त्यांनी घडविलेली चारचाकी पेट्रोल मोटार १८९६ च्या प्रारंभी रस्त्यावर धावली. संपूर्णपणे ब्रिटिश बनावटीची ही पहिली चारचाकी पेट्रोल मोटार मानली जाते. डिसेंबर १८९९ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रूक भागात लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली आणि भावांच्या साथीने उत्पादन सुरू झाले.

या गाड्यांना प्रारंभी गोल चाकाऐवजी दांड्याचे सुकाणू असे. गिअरची रचना इतरांहून वेगळी होती. सुटे भाग एकाच मापाचे बनवावेत, जेणेकरून एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत विनासायास बसावा, याबद्दल लँचेस्टर यांचा कटाक्ष असे. आज हे सर्वसामान्य वाटते. त्या काळी मात्र कारागिराने कानस घासून प्रत्येक भाग जागेवर बसविणे, हीच रीत होती. हिंदुस्थानातील संस्थानिकांनाही या गाड्यांनी भुरळ घातली. नवानगरचे जामसाहेब आणि नामवंत क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे लँचेस्टर गाड्यांच्या चाहत्यांपैकी एक होते.

डिस्कचा जन्म आणि तांब्याची किंकाळी

वेग वाढला, तसा गाडी थांबविण्याचा प्रश्न बिकट झाला. लाकडी ठोकळा थेट चाकावर दाबणे किंवा फिरत्या पिंपाभोवती पट्टा आवळणे, एवढेच उपाय तेव्हा प्रचलित होते. लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये वेगळ्याच रचनेचे पेटंट घेतले. चाकासोबत फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिला कडेजवळ दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारे जबडे, अशी ती रचना होती. आजच्या डिस्क ब्रेकचे मूळ तत्त्व हेच आहे. तबकडी उघड्यावर फिरत असल्याने तिची उष्णता हवेत लवकर निघून जाते. दाब दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो.

कल्पना अचूक होती, परंतु काळाने साथ दिली नाही. जबड्यांच्या आतील भागाला अस्तर म्हणून तांबे लावलेले होते. धातूवर धातू घासला जाताच कानठळ्या बसविणारा आवाज निघे. शिवाय, त्या वेळच्या धुळीच्या रस्त्यांवर मऊ तांबे झपाट्याने झिजून जाई.

हा आवाज का येतो, याचे उत्तर घर्षणात आहे. अस्तर तबकडीला क्षणभर चिकटते, निसटते आणि पुन्हा चिकटते. सेकंदाला हजारो वेळा घडणाऱ्या या क्रियेने तबकडी, पॅड आणि जबडा थरथरू लागतात. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासली की पेला जसा गाऊ लागतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, धातूची तबकडी झांजेसारखी निनादते आणि आवाज कित्येक पटींनी मोठा करते. ब्रेकमध्ये दोष नसला, तरीही तो किंचाळू शकतो, त्याचे कारण हेच.

जुन्या बुटाची युक्ती

या दुखण्यावर उतारा सापडला तो डर्बीशायरच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या हर्बर्ट फ्रूड यांच्याकडे. उतारावरून माल नेणारे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकून गाडी आवरतात, हे पाहून त्यांना घर्षण पदार्थांची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १८९७ मध्ये त्यांनी या व्यवसायाला आरंभ केला. स्वतःच्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावाचे आद्याक्षर त्यात मिसळून त्यांनी 'फेरोडो' हे नाव तयार केले. सुरुवातीचे सुती अस्तर उष्णतेने करपत असे. १९०७-०८ च्या सुमारास फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचे अस्तर आणले. ते जळत नसे, झिजही कमी होती आणि धातूची किंकाळीही थांबली.

पुढील अनेक दशके ॲस्बेस्टॉस हाच जगभरातील ब्रेकचा आधार राहिला. फेरोडोचे नाव भारतातही आले. मुंबईच्या घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स हे नाव धारण केलेल्या या कंपनीचे कारखाने पैठण आणि नागपूरशेजारच्या भंडारा येथे उभे राहिले.

मात्र, या शांततेची किंमत कुणीतरी मोजत होते. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि कित्येक वर्षांनी असाध्य आजार, प्रसंगी कर्करोग देतात. ब्रिटनमध्ये या उद्योगासाठी पहिले नियम १९३१ मध्ये आले. त्याच वर्षी फ्रूड यांचे निधन झाले. ब्रिटनने १९९९ मध्ये या पदार्थावर जवळपास पूर्ण बंदी घातली. भारतात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मधील निकालात मान्य केला. जुन्या ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, असे जे सांगितले जाते त्यामागे हा इतिहास आहे.

कंपनांचा वैरी

ब्रेकच्या कंपनांनी लँचेस्टर यांना चकविले असले, तरी इंजिनाच्या कंपनांवर त्यांनी पूर्ण मात केली. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या हालचालीमुळे एक सूक्ष्म थरथर कायम राहते. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या दुप्पट वेगाने, परस्परविरुद्ध दिशेने फिरणारे दोन असमतोल दांडे बसविल्यास ही थरथर नाहीशी होते, हे त्यांनी दाखवून दिले. मुख्य दांड्याला पीळ बसून होणाऱ्या कंपनांसाठीही त्यांनी शामक तयार केला. १९७० च्या दशकात जपानच्या मित्सुबिशी कंपनीने संतुलक दांड्यांची हीच कल्पना पुन्हा वापरात आणली. आज अनेक गाड्यांची इंजिने शांत चालतात, त्यात लँचेस्टर यांच्या डोक्याचा वाटा आहे.

त्यांची प्रतिभा मोटारीपुरती सीमित नव्हती. पक्ष्यांच्या उड्डाणाचे निरीक्षण करून पंखाला उचल कशी मिळते, याचा सिद्धांत त्यांनी १८९० च्या दशकातच मांडला होता. १८९७ मध्ये विद्वत्संस्थेने त्यांचा निबंध नाकारला. राइट बंधूंचे विमान उडायला तेव्हा अजून सहा वर्षे होती. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांचे या विषयावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. जर्मनीतील लुडविग प्रांटल यांनी पुढे हेच विचार गणिती शिस्तीत बसविले आणि कीर्तीचा मोठा भागही त्यांच्याकडे गेला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर यांनी युद्धालाही गणित लावले. आधुनिक शस्त्रांच्या लढाईत सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्यांचा नियम. हजार सैनिकांसमोर तितक्याच कुवतीच्या शत्रूने पाचशे-पाचशेच्या दोन तुकड्या एकामागून एक पाठविल्या, तर दोन्ही तुकड्या नष्ट होऊनही हजारांपैकी सुमारे सातशे सैनिक शिल्लक राहतात. सैनिकी डावपेच ते व्यवस्थापनशास्त्र असा या नियमाचा प्रवास झाला आहे.

मानपत्रे आणि विपन्नावस्था

भांडवलाच्या चणचणीमुळे १९०४ मध्ये लँचेस्टर कंपनी अडचणीत आली आणि नंतर तिची पुनर्रचना झाली. संचालकांशी मतभेद वाढत गेले. १९०९ पासून लँचेस्टर डेम्लर कंपनीचे सल्लागार झाले आणि स्वतःच्या नावाच्या कारखान्यातील रचनेचे काम हळूहळू त्यांचे बंधू जॉर्ज यांच्याकडे गेले. १९३१ मध्ये डेम्लरचीच मालकी असलेल्या बीएसए समूहाने ती कंपनीही विकत घेतली.

दरम्यान १९२२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले. रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचे सुवर्णपदक, गुगेनहाइम पदक आणि जेम्स वॉट पदक असे सन्मान एकामागून एक येत गेले. परंतु, उत्तरायुष्यात कंपवाताने हात थरथरू लागले. कंपनांशी झुंजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याच शरीराने हा सूड घ्यावा! पुढे दृष्टीही गेली. आर्थिक ओढाताण एवढी होती की, इतरांच्या मदतीमुळेच राहते घर टिकले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले.

डिस्क ब्रेकचे युग त्यानंतर उजाडले. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मॉंची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने जिंकली आणि दोन वर्षांनी सिट्रोएनने आपल्या प्रवासी मोटारीत ते बसविले. तत्कालीन ब्रिटिश कायद्यानुसार पेटंटची मुदत १४ वर्षांची होती. लँचेस्टर यांचा हक्क त्यामुळे केव्हाच संपला होता.

तांबे पुन्हा परतले

ॲस्बेस्टॉस हद्दपार होऊ लागल्यावर ब्रेक पॅडमध्ये पोलादाचे आणि तांब्याचे तंतू आले. म्हणजे लँचेस्टर यांचे तांबे वेगळ्या रूपात परतले आणि त्याबरोबर आवाजही. आता ब्रेकच्या झिजेतून नदीनाल्यांत उतरणारे तांबे जलचरांना घातक ठरते म्हणून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्ये त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटविणारे कायदे केले. घर्षण पदार्थांचा शोध अद्याप संपलेला नाही.

व्हरायटी चौकातील शीळही याच परंपरेतील. धातूचे प्रमाण अधिक असलेले परफॉर्मन्स पॅड तापल्यावर उत्तम पकड देतात. शहरातील मंद रहदारीत मात्र ते पुरेसे तापत नाहीत आणि कुरकुरतात. पॅड बदलताना डिस्कचा पृष्ठभाग समतल आहे ना, हे पाहावे. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावावे आणि पॅडमागील कंपनरोधक पातळ पत्रे जागेवर असल्याची खात्री करावी. पॅडच्या पाठीला उष्णतारोधक ग्रीसचा पातळ थर चालतो. घासणाऱ्या बाजूला मात्र ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. पॅडच्या कडा किंचित तिरप्या घासल्यानेही पुष्कळदा आवाज थांबतो. नवे पॅड बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, मध्यम वेगावरून गाडी पूर्ण न थांबविता अनेकदा हळू करावी आणि मग ब्रेक थंड होऊ द्यावेत. त्यामुळे पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावतात.

एक भेद मात्र ध्यानात ठेवायला हवा. अनेक पॅडमध्ये झीज दर्शविणारी पोलादी पट्टी मुद्दाम बसविलेली असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून ओरडते. हा आवाज बंद करण्यासाठी नसतो, ऐकण्यासाठी असतो. खरखर किंवा घासल्याचा जड आवाज आला, तर त्याच दिवशी गाडी कारागिराला दाखवावी.

लँचेस्टर यांना पदव्या नव्हत्या, संपत्ती साठली नाही आणि आपला ब्रेक जगभर पोहोचलेला पाहणेही नशिबी आले नाही. कव्हेंट्री विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. त्याहून मोठे स्मारक रस्त्यावर आहे. वर्धा मार्गावर अचानक कुणी आडवे येते आणि भरधाव मोटार जागच्या जागी थांबते, तेव्हा चाकामागची ती तबकडी लँचेस्टर यांचेच काम करीत असते.