आल्फ्रेड मोशर बट्स
आल्फ्रेड मोशर बट्स (१३ एप्रिल, १८९९ - ४ एप्रिल, १९९३) हे अमेरिकन वास्तुविशारद व स्क्रॅबल या शब्दखेळाचे जनक होते. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे झाला. महामंदीत नोकरी गेल्यावर त्यांनी नशीब आणि कौशल्य यांचा मेळ घालणारा खेळ रचण्यास घेतला.

इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते, हे जाणण्यासाठी त्यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे हाताने मोजली. त्यानुसार वारंवार येणाऱ्या 'ई'च्या १२ सोंगट्या ठरल्या व गुण १. 'क्यू' आणि 'झेड' यांची एकेकच सोंगटी, पण गुण १०. 'एस' मात्र त्यांनी जाणीवपूर्वक ४ वरच रोखले, अन्यथा कोणत्याही शब्दाचे अनेकवचन करून गुण मिळवणे फारच सोपे झाले असते.

खेळ-उत्पादकांनी हा खेळ नाकारला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी प्रत्येक संचामागे स्वामित्वधन देण्याच्या बोलीवर त्याचे हक्क घेतले व 'स्क्रॅबल' हे नाव दिले. १९५२ पासून खप झपाट्याने वाढला. बट्स यांचे स्वतःचे स्पेलिंग मात्र कच्चेच होते. या खेळात पत्नी नीना त्यांना हरवीत असत.