कापडवाला आणि कोरडी धूळ

फायटरच्या जोडीने अंडी घातली, पिल्लं पोहायला लागली आणि आठवड्यात सगळी गेली, असं तुमच्याकडे झालंय? दोष बहुतेक वेळा खाण्याचा असतो. या पिल्लांना दुकानातला दाणा गिळता येत नाही. त्यांना हलणारं, जिवंत खाणं लागतं. कळव्याच्या वन बीएचकेतही ते तयार होतं. पण ते आधी कोणाला दिसलं, माहितीये?

अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक. जन्म 1632, हॉलंडमधलं डेल्फ्ट. वडील टोपल्या विणायचे, ते लवकर गेले. सोळाव्या वर्षी पोरगा ॲमस्टरडॅममध्ये कापडाच्या धंद्यात शिकाऊ म्हणून लागला आणि पुढे डेल्फ्टमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. कॉलेज नाही, लॅटिन नाही, इंग्रजीही नाही. कापडवाले धागा भिंगातून बघायचेच. याने मात्र स्वतः इवलाली भिंगं बनवली, त्यातलं एक तर वस्तू 270 पटीच्या आसपास मोठी दाखवायचं.

मिरी तिखट का लागते, हे बघायला त्याने ती पाण्यात भिजत घातली. काही दिवसांनी त्या पाण्यात असंख्य जीव वळवळत होते! 1676 मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, तेही आपल्या डच भाषेत. तिथल्या विद्वानांना पटेना. मग याने गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना भिंगातून दाखवलं आणि त्यांची साक्ष पाठवली. 1677 मध्ये रॉबर्ट हुकने तोच प्रयोग करून सोसायटीला दाखवला. 1680 मध्ये हा दुकानदार सोसायटीचा फेलो झाला.

पिल्लांचं पहिलं खाणं असंच मिळतं. केळ्याची साल किंवा सुका पेंढा पाण्यात काही दिवस ठेवायचा. त्यात वाढतं ते इन्फ्युझोरिया.

सत्तरीत त्याने पन्हळीतला वाळलेला गाळ घेतला. कित्येक महिने कोरडी ठेवलेली ती धूळ पाण्यात टाकली, तर तासाभरात आतले रोटिफर हलू लागले. मेल्यासारखं पडून राहायचं आणि पाणी मिळालं की उठायचं!

तुमच्या डबीतली आर्टेमियाची तपकिरी अंडी हेच करतात. लिटरभर पाण्यात 25-30 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर अंडी, एअर पंपाचे बुडबुडे आणि उजेड. 24 ते 36 तासांत केशरी पिल्लं बाहेर येतात. पंप बंद करा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं तळाशी उजेडाकडे जमतात. नळीने ओढा, बारीक कापडातून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या. उशीर केलात तर त्यांच्या अंगातलं पोषण कमी होत जातं.

हा जीव परका नाही. भारतातली त्याची पहिली नोंद 1953 ची. सी. व्ही. कुलकर्णींनी केलेली, आपल्या वडाळ्याच्या मिठागरांतून. लोकलमधून भांडुपकडची मिठागरं दिसली की आठवा.

ल्युवेनहॉक 1723 मध्ये गेला, नव्वदाव्या वर्षी. शेवटपर्यंत बघत आणि लिहीत होता, मातृभाषेतच. डिग्री आणि इंग्रजीवाचून आपलं अडणार, असं वाटत असेल तर आज रात्री बाटली लावा. काय टाकलं, किती वाजता, काय दिसलं, ते वहीत लिहा. मराठीत.