सोलापूरचा शोमरोनी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

युद्धभूमीवर जखमींची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या जीवनावरील ऐतिहासिक प्रेमकथा ख्रिस्ती वाचकांना प्रिय आहेत. अशीच एक सत्यकथा कळंबहून फार दूर नसलेल्या सोलापूरच्या एका सुपुत्राने जगून दाखविली. तिचे स्मरण आम्ही आज करीत आहोत.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर जखमींच्या सेवेसाठी राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात २७ वर्षांचे कोटणीस होते. परदेशात असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना समजली. तरीही त्यांनी हाती घेतलेले सेवाकार्य सोडले नाही. कालांतराने इतर सहकारी मायदेशी परतले. कोटणीस मात्र मागे राहिले.

ते चिनी भाषा शिकले आणि आघाडीवरील जखमींवर उपचार करू लागले. १९४० मध्ये एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास विश्रांती न घेता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी याच सेवेत १९३९ मध्ये देह ठेवला होता. त्यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले.

तेथेच परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि १९४१ मध्ये ते विवाहबद्ध झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. परंतु अपस्माराच्या विकाराने ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉ. कोटणीस यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून ही कथा घरोघरी पोहोचविली. कथा-कादंबऱ्या बहुधा विवाहापाशी थांबतात. येथे मात्र संसार जेमतेम एक वर्षाचा, आणि त्यानंतरची वाट सत्तर वर्षांची होती. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये पुत्रही मृत्यू पावला. चिंगलान यांनी भारतात येऊन कोटणीस कुटुंबीयांशी नाते जपले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

डॉ. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. १९४२ मध्ये ते चीनच्या साम्यवादी पक्षाचे सभासदही झाले होते. मग धर्मप्रांताच्या पानावर त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर संत लूककृत शुभवर्तमानात आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला पाहून याजक व लेवी पुढे निघून गेले. थांबला तो शोमरोनी. यहुदी ज्याला परका मानीत, त्यालाच प्रभू येशूने शेजारधर्माचा आदर्श म्हणून पुढे ठेवले. कोटणीस परक्या देशात परक्या माणसांसाठी थांबले.

आपल्या धर्मग्रामातही आजारी माणसे आहेत, आणि रात्रपाळी करून थकलेल्या परिचारिकाही आहेत. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या तरी दारी आपण थोडा वेळ थांबू या. थांबण्याची ती कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.