ऑस्कर बार्नाक

सव्वाशे वर्षांपूर्वी गावाबाहेर जाऊन छायाचित्र काढावयाचे म्हणजे मोठे कष्टाचे काम असे. पेटीएवढा कॅमेरा, काचेच्या जड पट्ट्या आणि तिपाई एवढा सरंजाम बरोबर न्यावा लागे. हे ओझे न पेलणाऱ्या एका कारागिराने जगाला हातात सहज मावणारा कॅमेरा दिला. त्या कारागिराचे नाव ऑस्कर बार्नाक.

बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीतील लिनो या खेड्यात झाला. लहान वयातच त्यांनी बर्लिनजवळ यंत्रकाम शिकावयास आरंभ केला. पुढे येना शहरातील झाइस यांच्या भिंगांच्या कारखान्यात ते कामाला लागले. सुटीच्या दिवशी डोंगररानांत हिंडून छायाचित्रे काढण्याचा त्यांना मोठा नाद होता. परंतु त्यांना दम्याचा विकार होता. जड कॅमेरा घेऊन चढण चढताना त्यांचा श्वास कोंडे. कॅमेरा लहान केला तर? हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घोळू लागला.

१९११ साली ते वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यात आले. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्रे बनविली जात. चित्रपटासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरीत असत. तीच फिल्म लहान कॅमेऱ्यात घालावी, चित्र लहान घ्यावे आणि मागाहून ते मोठे करावे, अशी युक्ती बार्नाक यांना सुचली. चित्रपटाचे चित्र फार लहान पडे. म्हणून त्यांनी त्याच्या दुप्पट, म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटर आकाराचे चित्र ठरविले. १९१४ साली त्यांचा कॅमेरा तयार झाला.

परंतु त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि पुढील काम खोळंबले. युद्धानंतर जर्मनीत पैशाची अतिशय चणचण भासू लागली. अशा काळात नवा माल काढणे म्हणजे कारखाना आणि कामगार यांचे भवितव्य पणाला लावणेच होते. तथापि १९२४ साली मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी हे धाडस करावयाचे ठरविले. माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने त्यासाठी उत्तम भिंग योजिले होते. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांपुढे आला. त्याचे नाव लायका.

या कॅमेऱ्याचे भिंग प्रथम पक्के बसविलेले असे. दूरच्या वस्तूसाठी एक भिंग आणि विस्तृत देखाव्यासाठी दुसरे, अशी सोय त्यात नव्हती. १९३० साली ती झाली. कॅमेऱ्याच्या तोंडाशी ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे पाडले आणि भिंग फिरवून काढता-घालता येऊ लागले.

येथे एक नवी अडचण उभी राहिली. भिंगातून आलेली प्रतिमा ठराविक अंतरावरच रेखीव उमटते. घरातील भिंग खिडकीसमोर धरून भिंतीवर बाहेरच्या झाडाची प्रतिमा पाडून पाहावी. भिंग थोडे मागेपुढे होताच ती पुसट होते. कॅमेऱ्यात तर केसभर फरकही चालत नाही. आरंभी प्रत्येक कॅमेऱ्याचे हे अंतर किंचित निराळे असे. म्हणून कारखान्यात एकेक भिंग एकेका कॅमेऱ्याशी जुळवून द्यावे लागे. एकाचे भिंग दुसऱ्याला घातले, तर आटे बसत, पण चित्र बिघडे.

यावर उपाय एकच होता. तो म्हणजे सर्वांसाठी एकच माप. आटे संपतात त्या कडेपासून फिल्मपर्यंतचे अंतर १९३१ साली नेमके २८.८ मिलिमीटर ठरविण्यात आले. त्यानंतर कोणतेही भिंग कोणत्याही लायकाला बिनचूक बसू लागले. १९३२ साली अंतर मोजण्याची योजना भिंगाशी जोडलेला कॅमेरा निघाला. १६ जानेवारी १९३६ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बार्नाक यांचे निधन झाले.

पुढे जपान, सोव्हिएट युनियन इत्यादी देशांतील कारखान्यांनीही हेच आटे स्वीकारले. १९५४ साली लायकाने आटे सोडून खाचेत अडकणारी नवी बैठक आणली. तिचे अंतर २७.८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक मिलिमीटरने कमी ठेवले. त्यामुळे एक मिलिमीटर जाडीचे कडे मध्ये घातले की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालू लागले. आजच्या काही कॅमेऱ्यांत हे अंतर १८ मिलिमीटर असते. त्यांना १०.८ मिलिमीटर जाडीचे कडे लावले, की नव्वद वर्षांपूर्वीचे भिंगही स्वच्छ चित्र देते. मात्र ज्या कॅमेऱ्यात आरसा असतो, त्यात हे अंतर बहुधा चाळीस मिलिमीटरांहून अधिक असते. तेथे भिंग पुरेसे जवळ नेता येत नाही व दूरचे दृश्य पुसट येते.

बार्नाक यांनी स्वतःचे ओझे हलके करावयास घेतले आणि जगातील असंख्य लोकांचे ओझे हलके झाले. त्यांच्या कारखान्याने माप एकदा काटेकोर ठरविले. म्हणूनच त्या काळची भिंगे नव्या यंत्रांच्या युगातही टाकाऊ ठरली नाहीत.